जर्मन ‘डिप्लोम’ म्हणजे पदविका नव्हे

नाशिककरांना जर्मन उद्योगाची ओळख झाली ती सातपूरच्या ‘मायको’मुळे. २००८ मध्ये या कंपनीचे नाव ‘बॉश लिमिटेड’ झाले. उच्च शिक्षणासाठी जर्मनीचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांची गफलत मात्र पदव्यांच्या नावांपासूनच होते. आपल्याकडे डिप्लोमा म्हणजे दहावीनंतर तंत्रनिकेतनात मिळणारी तीन वर्षांची पदविका. जर्मन विद्यापीठाची ‘डिप्लोम’ ही मात्र सुमारे पाच वर्षांच्या अभ्यासानंतर मिळणारी, आजच्या मास्टरच्या तोडीची पदवी आहे. त्यामुळे नावापेक्षा पदवीचा स्तर पाहणे महत्त्वाचे ठरते.

पूर्वी तेथे विज्ञान व अभियांत्रिकीसाठी ‘डिप्लोम’ आणि मानव्यविद्यांसाठी ‘मागिस्टर’ अशा सलग पदव्या होत्या. १९९९ मध्ये २९ युरोपीय देशांनी बोलोन्या जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या आणि त्यानंतर बॅचलर-मास्टर ही द्विस्तरीय रचना रुजली. ड्रेस्डेनच्या तंत्र विद्यापीठासारख्या मोजक्या ठिकाणी ‘डिप्लोम’ आजही टिकून आहे.

बॅचलर : तीन ते चार वर्षे, १८० ते २४० श्रेयांक. एका वर्षाचे ६० श्रेयांक धरले जातात.

मास्टर : एक ते दोन वर्षे, ६० ते १२० श्रेयांक. बॅचलर धरून एकूण ३०० श्रेयांक अपेक्षित असतात.

राज्य परीक्षा : वैद्यक, औषधनिर्माणशास्त्र व कायदा या शाखांत प्रामुख्याने शासकीय देखरेखीखालील परीक्षा असते. ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या वैद्यालाही शोधप्रबंधाशिवाय नावाआधी ‘डॉक्टर’ ही उपाधी लावता येत नाही.

डॉक्टरेट : मास्टरनंतर साधारण तीन ते पाच वर्षांचे संशोधन. प्रबंध प्रसिद्ध करणे बंधनकारक असते. विख्यात मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या व तेथून डॉक्टरेट मिळवून परतल्या.

हाबिलिटेशन : डॉक्टरेटनंतरची अध्यापन-पात्रता. प्राध्यापकपदाचा हा पारंपरिक मार्ग असून २००२ पासून ‘कनिष्ठ प्राध्यापक’ हा पर्यायही उपलब्ध आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिकच्या महाविद्यालयातून चार वर्षांची बी. ई. पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला संबंधित विषयातील मास्टरसाठी अर्ज करता येतो. तीन वर्षांच्या बी. ए., बी. कॉम. वा बी. एस्सी. पदवीधरांना मात्र काही विद्यापीठे अपुरी पात्रता म्हणून नकार देतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील चौथे, ऑनर्सचे वर्ष पूर्ण करावे की नाही हे ठरवताना ही बाब ध्यानात घ्यावी. केवळ तंत्रनिकेतनाच्या पदविकेवर मास्टरला प्रवेश मिळत नाही.

भारतीय पदव्यांचे मूल्यांकन ‘अनाबिन’ या जर्मन माहितीकोशात पाहता येते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ‘एपीएस’ प्रमाणपत्रही आवश्यक झाले आहे. हे प्रमाणपत्र कागदपत्रांची सत्यता पडताळते. प्रवेशाची हमी देत नाही. तो निर्णय विद्यापीठाचाच असतो. गुणपत्रिका वाचतानाही सावधगिरी हवी. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी, तर ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण!