वऱ्हाडची तुर्की राजवधू

वऱ्हाडची राजकन्या म्हटली की आपल्याला रुक्मिणी आठवते. तिचे कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यातच, वर्धेच्या काठी. पण विसाव्या शतकात आणखी एक बाई वऱ्हाडची राजवधू म्हणून मिरवली, आणि तिचे माहेर होते इस्तंबूल! दुर्रूशेहवार तिचे नाव. तिचे वडील अब्दुल मजीद हे तुर्कस्तानचे शेवटचे खलिफा.

खलिफा म्हणजे पैगंबरांचा वारस, साऱ्या सुन्नी मुसलमानांचा धर्मप्रमुख. ही गादी कित्येक शतके तुर्की सुलतानांच्या घराण्यात होती. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरले, तेव्हा ती वाचवावी म्हणून १९१९ साली मुंबईत खिलाफत कमिटी उभी राहिली. शेठ छोटानी तिचे अध्यक्ष झाले. पुढे अली बंधू गावोगाव फिरले आणि गांधीजींनी तो प्रश्न आपला मानला. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेसने असहकारितेवर शिक्कामोर्तब केले. टिळकांचे जिवलग स्नेही, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, यांना मात्र ती वाट पटली नाही. ते बाजूला झाले.

आणि गंमत पाहा, ज्या गादीसाठी इकडे माणसे तुरुंगात गेली ती खुद्द तुर्कांनाच नको होती. ३ मार्च १९२४ रोजी अंकाऱ्याच्या सभेने ती रद्द केली आणि खलिफांना रातोरात देशाबाहेर धाडले. कमिटी उरली, खिलाफत नाही.

परागंदा खलिफांना हैदराबादच्या निजामाने महिना ३०० पौंड तनखा बांधून दिला. १९३१ साली फ्रान्समधील नीस येथे त्यांची मुलगी निजामाच्या थोरल्या मुलाला, आझम जाहला, दिली. आता वऱ्हाड इथे कसे आले? १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १९०२ साली वर्षाला २५ लाखांवर ते कायमच्या पट्ट्याने दिले. १९३६ च्या करारात इंग्रजांनी निजामाची नाममात्र मालकी मान्य केली आणि त्याच्या वारसास 'वऱ्हाडचा युवराज' ही पदवी दिली. अकोल्याचा शेतकरी सारा भरत होता त्याच कचेरीत, आणि कारभार चालत होता नागपुराहून!

खलिफा १९४४ साली पॅरिसमध्ये वारले. त्यांच्यासाठी खुलताबादेस तुर्की धाटणीची कबर बांधली होती म्हणतात. पण देह जवळजवळ दहा वर्षे पॅरिसमध्येच राहिला आणि १९५४ साली मदिनेत दफन झाला.

गादी रिकामीच राहिली. १९६९ साली मुसलमान देशांचे प्रमुख मोरोक्कोतील रबातला जमले आणि त्यांची संघटना निघाली. तिला खलिफा नाही, सरचिटणीस आहे. पहिले सरचिटणीस मलेशियाचे टुंकू अब्दुल रहमान. मुख्य कचेरी जेद्दाला. त्या परिषदेचे बोलावणे भारतालाही आले होते. फक्रुद्दीन अली अहमद शिष्टमंडळ घेऊन गेले, पण पाकिस्तानचे याह्याखान अडून बसले आणि आपल्या मंडळींना बाहेर राहावे लागले. पन्नास वर्षांनी, २०१९ साली, सुषमा स्वराज यांना त्याच संघटनेने अबुधाबीत सन्माननीय पाहुण्या म्हणून बोलावले.

दुर्रूशेहवार २००६ साली लंडनला वारल्या. त्यांच्या पदवीतले वऱ्हाड तोवर महाराष्ट्रात येऊन शेहेचाळीस वर्षे झाली होती.