घरचे मूल, परके मूल

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सिल्वासा येथील एका छायाचित्र स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला. या कलेतील माझा अधिकार म्हणावा तर शून्यच. महसूल खात्यातील प्रदीर्घ सेवेत मी जे फोटो काढले वा काढवले, ते बहुतांशी पंचनाम्याचे : वाहून गेलेले बांध, कोसळलेल्या भिंती, मेलेली गुरे. परंतु निवृत्त अधिकारी नियमावली बारकाईने वाचतो असा एक समज समाजात रूढ आहे, आणि त्या समजाच्या बळावर अशी निमंत्रणे येत असतात.

आम्ही तिघे परीक्षक. चित्रे दीडशेच्या आसपास. चाळणीचे काम सुरू झाले तेव्हा आमच्यातील जाणत्या परीक्षकांनी टेबलाच्या डाव्या बाजूला एक गठ्ठा लावावयास घेतला. ‘हे घरगुती आहेत,’ एवढेच ते म्हणाले. त्या गठ्ठ्यात पाळण्यातली बाळे होती, बोरन्हाणाच्या दिवशी हलव्याचे दागिने घालून रडणारा एक मुलगा होता, सोफ्यावर झोपलेली मांजरे होती. आमळीच्या बाजूला कारखान्यात काम करणाऱ्या एका गृहस्थाने पाठवलेले एक चित्र मात्र माझ्या मनात राहिले. एका खोलीत जमिनीवर चटई, तिच्यावर वर्षा-दीड वर्षाची मुलगी झोपलेली, आणि तिच्या पोटावर मान टेकून गावठी कुत्र्याचे पिल्लू जागे. दारातून आलेला उजेड फक्त त्या पिलाच्या डोळ्यांवर पडलेला. मी ते हाती घेऊन पुन्हा पाहिले, आणि डाव्या गठ्ठ्यावरच ठेवले. पहिले पारितोषिक दुधनीकडे टिपलेल्या एका वारली मुलीच्या चित्रास मिळाले. धुळीने माखलेला चेहरा, विस्कटलेले केस, थेट पाहणारे डोळे. चित्र उत्तम होते, याविषयी वाद नाही.

त्यानंतर मला स्वस्थता लाभली नाही. घरातले मूल आणि घरातला प्राणी यांची चित्रे स्पर्धेच्या दारातूनच परत फिरवावीत, ही रीत केव्हापासूनची? ते शोधण्यासाठी चार पुस्तके चाळली. जे हाती लागले ते येथे मांडतो.

प्रारंभी अशा चित्रांना बंदी नव्हती, ती काढणेच अशक्य होते. १८३९ साली दागेरच्या पद्धतीची घोषणा झाली तेव्हा एका चित्रासाठी माणसाला कित्येक सेकंद, कधी मिनिटे निश्चल बसावे लागे. मोठ्यांच्या मानेमागे लोखंडी आधार लावत, मुलांना तो कसा लावणार? इंग्लंड-अमेरिकेतील स्टुडिओंत आईच्या अंगावर चादर वा पडदा टाकून तिला खुर्चीसारखे बसवीत आणि मूल तिच्या मांडीवर धरवून घेत. अशी चित्रे आज संग्राहक जमवतात. मूल स्पष्ट, आणि त्याच्या मागे चादरीखाली एक बिनचेहऱ्याची आई. डार्विनने १८७२ साली मनुष्य व प्राणी यांच्या भावाविष्कारावर ग्रंथ लिहिला, त्यात रेलँडर या छायाचित्रकाराचे एक रडणारे बाळ होते. ते इतके लोकप्रिय झाले की त्याच्या प्रती हातोहात खपल्या. पुढे संशोधकांनी दाखवून दिले की मूळ छायाचित्रावरून खडूने रेखाटन करून त्याचाच पुन्हा फोटो काढलेला होता. मूल काही थांबले नव्हते!

आपल्याकडे मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, कलकत्ता आणि मद्रास यांच्याही आधी. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः निष्णात छायाचित्रकार. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. एतद्देशीयांनी ही विद्या किती लवकर आत्मसात केली याचा अभिमान वाटावा असाच हा इतिहास आहे. परंतु त्या काळी प्रदर्शनांतून नि संग्रहांतून काय मांडले जाई, हे पाहिले की मन थोडे खट्टू होते. देवळे, लेणी, किल्ले आणि ‘जाती’. अमुक जातीचा पुरुष, तमुक जमातीची स्त्री. विल्यम जॉन्सनने मुंबईतील रहिवाशांच्या जातिजमातींवर दोन खंड काढले ते १८६३ आणि १८६६ साली. पुढे सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. त्यांतील बहुसंख्य चित्रांखाली व्यक्तीचे नाव नाही, जमातीचे आहे. ज्या दप्तरात मी आयुष्य काढले त्याचीच ही आद्य रीत म्हणायची : माणूस नोंदवायचा तो रकान्यापुरता.

याच सुमारास विलायतेत एक बाई वेगळेच काही करीत होत्या. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५चा, कलकत्त्याचा. त्यांचे यजमान मेकॉलेसमवेत विधी आयोगावर होते, ज्या आयोगाने भारतीय दंड संहितेचा मसुदा केला. आमच्यासारख्यांना हे नाते विशेष वाटते! वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३च्या नाताळात, मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. पुढच्याच महिन्यात त्यांनी ॲनी नावाच्या एका लहान मुलीचे चित्र काढले आणि ते आपले पहिले यश म्हणून नोंदवले. नंतर घरातील नोकरचाकर, भाचरे, शेजारची मुले हीच त्यांची विषयसामग्री झाली. लंडनच्या जाणकारांनी त्यांच्या चित्रांतील अस्पष्टतेवर, डागांवर, बोटांच्या ठशांवर टीका केली. बर्लिनच्या प्रदर्शनात मात्र त्यांना पदके मिळाली. तेव्हा स्पर्धा आणि घर यांचे वैर जन्मजात नाही, हे येथेच लक्षात यावे.

ते वैर जन्मले १८८८ नंतर. त्या वर्षी ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा आला. शंभर चित्रांचा रोल आत भरलेलाच असे. तो संपला की कॅमेरा तसाच कंपनीकडे धाडायचा, चित्रे होऊन येत आणि कॅमेरा पुन्हा भरून येई. १९०० साली ब्राउनी आला, एक डॉलर किमतीचा, खास मुलांसाठी. आता ज्याच्या त्याच्या हाती कळ आली. साहजिकच, ज्यांनी रसायनांत बोटे काळी करून ही विद्या मिळवली होती त्यांना आपले वेगळेपण राखण्याची निकड भासली. मंडळे निघाली, प्रदर्शनांचे नियम कडक झाले, आणि ‘घरगुती’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला. अमेरिकेतील आल्फ्रेड स्टीग्लिट्झ हे या कळदाब्या हौशी मंडळींची टर उडवणाऱ्यांत अग्रणी. गंमत अशी की विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हेच स्टीग्लिट्झ आपल्या लहानग्या मुलीची चित्रे काढून ‘एका बाळाची छायाचित्र-रोजनिशी’ अशा नावाखाली जमवीत होते. बापपण कोणाला चुकले आहे?

आपल्या दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण तर आणखी बोलके. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्याला स्टुडिओ थाटलेले हे छायाचित्रकार. १९१२ साली कुंडीतल्या रोपाची वाढ टिपून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र, आणि १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बालकृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. त्या चित्रपटाच्या आरंभी कथेला हात घालण्यापूर्वी ती चिमुरडी कॅमेऱ्यासमोर केवळ चेहऱ्यावरचे भाव दाखवते. राग, हसू, आश्चर्य. बापाने लेकीचे काढलेले फोटोच ते, फक्त हलणारे! ज्याला भारतीय चित्रपटाचा पाया म्हणतो त्यात हे घरचे मूल आहे, हे आपण विसरतो.

मराठी घरांत कॅमेरा येण्यास मात्र १९६०-७०चे दशक उजाडावे लागले. आमच्याकडे आला तो आग्फा क्लिक-थ्री, बडोद्याला तयार झालेला. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे. बारा म्हणजे बारा, तेव्हा प्रत्येक चित्रामागे कौटुंबिक बैठक भरे. त्याआधी मुलाचा फोटो म्हणजे स्टुडिओत नेऊन, गादीवर पालथे घालून, खुळखुळा वाजवून काढलेला एकमेव. आता मुंज, लग्न, सहल झाली की एकदोन चित्रे उरत. रोल धुवायला देण्याची घाई असे म्हणून शेवटचे चित्र अंगणातल्या कुत्र्याचे. आमच्या ‘वाघ्या’ची अशी तीन चित्रे आहेत, केवळ रोल संपवायचा होता म्हणून काढलेली. मुंजीतल्या पाहुण्यांपैकी निम्म्यांची नावे आज कोणालाच सांगता येत नाहीत, पण वाघ्याचे चित्र निघाले की साठी ओलांडलेली माझी बहीण अजूनही अल्बम मिटू देत नाही.

आता परीक्षकांची बाजूही मांडली पाहिजे. ती पोकळ नाही. वाघ्याचे चित्र पाहून बहिणीला जे दिसते ते त्या कागदावर नाही, तिच्या आठवणीत आहे. परक्याने पाहावे तर एक कुत्रा, अर्धा कापलेला, मागे धुण्याची दोरी. आपल्या नातवाची चाळीस चित्रे शेजाऱ्याला दाखवणारा आजोबा ज्या भ्रमात असतो, त्याच भ्रमात अशा प्रवेशिका धाडल्या जातात. हे मी स्वतः आजोबा असल्याने निःसंकोच लिहितो. चित्र अनोळखी माणसाशी काही बोलले पाहिजे, ही अट रास्तच आहे. शिवाय आंतरराष्ट्रीय संघटनांनी निसर्ग विभागाची जी सामायिक व्याख्या स्वीकारली आहे तिच्यात पाळीव प्राणी बसतच नाहीत. म्हणजे बिचाऱ्या कुत्र्या-मांजरांना खुल्या विभागाखेरीज गती नाही.

पण अट चित्राला लावायची की विषयाला? यूजीन स्मिथ हे युद्धछायाचित्रकार १९४५ साली ओकिनावा येथे गंभीर जखमी झाले. अनेक शस्त्रक्रियांनंतर, १९४६ साली, कॅमेरा पुन्हा हाती धरता येतो की नाही या शंकेने ग्रासलेले असताना त्यांनी पहिले चित्र घेतले ते आपल्याच दोन मुलांचे. हातात हात घेऊन झाडीतून उजेडाकडे चालत जाणारी, पाठमोरी. एडवर्ड स्टायकेन यांनी १९५५ साली न्यूयॉर्कला ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन भरवले : ६८ देश, २७३ छायाचित्रकार, ५०३ चित्रे. त्याचा समारोप या चित्राने केला होता. हेच स्टायकेन तरुणपणी स्टीग्लिट्झ यांच्या मंडळातले. ते प्रदर्शन जगभर फिरले, मुंबईतही आले होते. तसेच फ्रान्सच्या लार्तिग यांचे. आठव्या वर्षाच्या आसपास कॅमेरा मिळालेल्या या मुलाने घरच्यांच्याच उड्या, धावपळ, खेळ टिपले. जगाने त्यांची दखल घेतली ती १९६३ साली, तेव्हा त्यांचे वय ६९ होते. ती चित्रे स्पर्धेला धाडली असती तर डाव्या गठ्ठ्यात गेली असती, अशी मला दाट शंका आहे.

आणि मला खरी बोच आहे ती पुढची. मूल हा विषय स्पर्धांना वर्ज्य नाहीच, वर्ज्य आहे ते घरचे मूल. परके मूल चालते, आणि ते गरीब असेल तर अधिक चालते. १९८४ साली पाकिस्तानातील निर्वासितांच्या छावणीत टिपलेल्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा चेहरा १९८५ साली एका मासिकाच्या मुखपृष्ठावरून सर्व जगाने पाहिला. तिचे नाव शरबत गुला, हे कळायला २००२ साल उजाडले. भोपाळच्या वायुकांडातील, मातीत पुरल्या जाणाऱ्या बालकाच्या चित्राला जागतिक वृत्तछायाचित्र स्पर्धेत त्या वर्षीचा सर्वोच्च मान मिळाला. त्याचे नाव जगाला कळले नाही. ते चित्र घेणे आवश्यकच होते, त्यावाचून त्या अपराधाची साक्ष उरली नसती. परंतु प्रत्येक सहलीत वारली पाड्यावर गाडी थांबवून मुलांपुढे कॅमेरा धरणे ही काही साक्ष नव्हे. खानवेल-दुधनीच्या रस्त्यावर रविवारी हे दृश्य हमखास दिसते. ‘द पीपल ऑफ इंडिया’चे खंड संपून दीडशे वर्षे झाली म्हणतात, मला तसे वाटत नाही.

पारितोषिक समारंभात मी विजेत्या तरुणाला त्या मुलीचे नाव विचारले. मुलगा सुस्वभावी होता. तो गोंधळला, म्हणाला, ‘सर, विचारायचे राहिलेच.’ त्याच्या चित्राच्या पाठीमागे कॅमेरा, भिंग, छिद्रमान, गती, सारे अचूक लिहिलेले होते.

चार दिवसांनी आमळीचे ते गृहस्थ आपली प्रत परत मागण्यासाठी आले. ‘प्रवेशिका परत केल्या जाणार नाहीत’ असा नियम होता, आणि तो मीच वाचून दाखवला होता. त्यांचे म्हणणे एवढेच, की मोबाइल हरवला आहे आणि ही एकच प्रत उरली आहे. मी कपाट उघडून डावा गठ्ठा काढला. चित्र सापडले. पाठीमागे पेनाने मुलीचे नाव, तिची जन्मतारीख, पिलाचे नाव आणि ‘पहिला पाऊस’ असे लिहिलेले होते. स्पर्धेच्या चार दिवसांत ती बाजू आमच्यापैकी कोणीही उलटून पाहिली नव्हती. यंदाच्या प्रवेशपत्रिकेत ‘चित्रातील व्यक्तीचे नाव’ हा रकाना घालावा असे टिपण मी समितीला दिले आहे. ते विचाराधीन आहे. विचाराधीन या शब्दाचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे.