वर्ध्याची वाट धरलेले जपानी भिक्षू

धर्मप्रचारक म्हटला की आपल्या नागपूर-वर्ध्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढे गोरा पाद्री उभा राहतो. त्यात नवल नाही. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा पाद्री 1845 साली नागपुरास पोचला, तेव्हा त्याचे वय अवघे सत्तावीस होते. तो मराठी शिकला, त्याने शाळा काढली, सवड सापडली की हातोडी घेऊन तो दगड फोडीत हिंडला. 1863च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून रात्री घोड्यावरून परत येताना तो पुराच्या पाण्यात वाहून गेला. त्याच्या नावाचे कॉलेज अजून उभे आहे. पाद्री आला की मागोमाग शाळा येते, दवाखाना येतो, हे आपल्या लोकांच्या अंगवळणी पडलेले आहे.

परंतु ज्यांनी शाळा काढली नाही, औषध वाटले नाही, कोणाचा धर्म बदलला नाही आणि तरीही ज्यांची सात अक्षरे आमच्या जिल्ह्यात रुजून राहिली, असे धर्मप्रचारक पश्चिमेकडून नव्हे तर पूर्वेकडून आले. त्यांच्याविषयी आम्हांस आज बोलायचे आहे.

ता. 4 ऑक्टोबर 1933 रोजी निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्षू वर्ध्यास गांधीजींना भेटले. गांधीजी त्या वेळी नुकतेच तुरुंगातून सुटून येथे येऊन राहिले होते. हरिजन-दौऱ्यास निघायला महिनाभर अवकाश होता आणि शेगावचे सेवाग्राम व्हायचे होते. फुजी हे अठ्ठेचाळीस वर्षांचे गृहस्थ. जन्म 1885चा, क्यूशू बेटावरील कुमामोतो प्रांतातला. ऐन तारुण्यात त्यांनी दीक्षा घेतलेली. हाती एकच वाद्य. आपल्या विंझणवाऱ्याच्या पंख्यासारखी दांड्याची एक गोल चौकट, तिच्यावर एका बाजूने ताणलेले कातडे, दुसऱ्या हातात टिपरू. त्यावर ठोका मारीत चालायचे आणि म्हणायचे: ना-मु-म्यो-हो-रेन-गे-क्यो. त्यांच्या धर्मप्रचाराची सारी सामग्री एवढीच होती.

या सात अक्षरांचा प्रवास थोडा समजून घेतला पाहिजे. त्यातले 'ना-मु' म्हणजे आपले 'नमः'. पुढचा भाग 'सद्धर्मपुंडरीक' या बौद्ध सूत्राच्या नावाचा. संस्कृतातील हे सूत्र कुमारजीव या पंडिताने इ.स. 406 मध्ये चिनी भाषेत नेले, चिनी अक्षरांतून ते जपानात गेले आणि जपानी जिभेने त्या अक्षरांचा असा उच्चार केला. तेराव्या शतकात निचिरेन नावाचा एक कोळ्याच्या घरचा मुलगा भिक्षू झाला. या सूत्राचे नाव घेणे हाच तरणोपाय, असे त्याने सांगितले आणि सत्ताधाऱ्यांना परखड बोलल्याबद्दल दोनदा हद्दपारी भोगली. त्याने असेही लिहून ठेवले की, चंद्रकला जशी पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जाते तसा बुद्धाचा धर्म भारतातून जपानला आला, आता सूर्य पूर्वेकडून पश्चिमेला जातो तसा तो जपानातून भारताला परत जाईल. साडेसहाशे वर्षांनी फुजींनी हे वचन शब्दशः घेतले आणि 1931च्या आरंभी ते कलकत्त्यास उतरले. त्यांच्यामागून त्यांचे तरुण शिष्य आले.

म्हणजे हे लोक आपल्याला नवा धर्म द्यायला आले नव्हते. जुने देणे फेडायला आलो आहोत, अशी त्यांची भावना होती. धर्मप्रचारकांच्या इतिहासात ही वृत्ती विरळा.

आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. कोणीही परमुलखातून आला की आमचा पहिला प्रश्न असतो: याचा खर्च कोण करतो, आणि याच्या देशाचा आपल्याशी व्यवहार काय? अमेरिकेतील मॉर्मन पंथाची विशीच्या उंबरठ्यावरची मुले जोडीजोडीने परदेशी जातात, दोन वर्षे दारोदार हिंडतात. खर्चाचा भार बहुधा ती स्वतः आणि त्यांच्या घरचे सोसतात आणि मुदत भरली की ती माघारी जाऊन शिक्षणाला, नोकरीला लागतात. जपानी भिक्षूंना मुदत नव्हती, घरून मनिऑर्डर नव्हती. भिक्षा मिळेल ती खायची आणि ढोल वाजवायचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे सोपे आहे. दुसऱ्याचे नाही.

कारण 1933 साल आमच्या जिल्ह्याला ढोलामुळे नव्हे, कापसामुळे जड गेले. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, वर्धा ही सारी कापसाची ठाणी. आपल्याकडील आखूड धाग्याच्या कापसाचे जपान हे मोठे गिऱ्हाईक होते. येथला कापूस ओसाका-कोबेला जाई, तेथे त्याचे सूत व कापड होई आणि तेच कापड स्वस्तात मुंबईच्या बाजारात परत येई. मुंबईच्या गिरण्या ओरडू लागल्या. सरकारने जून 1933 मध्ये इंग्लंडव्यतिरिक्त अन्य देशांच्या सुती कापडावरील जकात शेकडा 75वर नेली. जपानी गिरणीवाल्यांनी लागलीच उत्तर दिले: हिंदुस्थानचा कापूस घ्यायचा नाही. मालकांच्या या भांडणात शेतकरी व जिनाच्या आवारातला मजूर यांना कोणी विचारले नाही. सप्टेंबरात सिमल्याला वाटाघाटी सुरू झाल्या, जानेवारी 1934 मध्ये तोडगा निघाला. जकात 50 टक्क्यांवर आली आणि जपानने वर्षाला 10 लाख गाठी उचलल्या तर त्याला 32.5 कोटी वार कापड येथे विकता येईल, 15 लाख गाठी उचलल्या तर 40 कोटी वार, असे प्रमाण बांधले गेले.

फुजींचा ढोल वर्ध्यात वाजला तो या वाटाघाटी चालू असताना. कापूस बाजारात जपानचे नाव कोणी प्रेमाने घेत नसेल, हे सांगायला इतिहासकार नको. आणि ज्या गिरण्यांचे कापड आपल्या गिरण्यांना मारीत होते, त्यांत राबत कोण होते? खेड्यापाड्यांतून आणलेल्या शेतकऱ्यांच्या कोवळ्या पोरी. गिरणीच्या आवारातल्या वसतिगृहात त्या राहत. 1929 सालापर्यंत त्यांना रात्रपाळीही चुकली नव्हती. जपानी माल स्वस्त का पडतो याची कारणे व्यापारी अनेक सांगत. आम्ही हे एक अगोदर मोजतो. भिक्षूही त्याच खेड्यांच्या देशातला. एकाच देशातून निघून गठ्ठ्याने आलेले कापड आणि पायी आलेला संन्यासी, दोन्ही आपल्याकडे एकाच काळात पोचले.

गांधीजींनी या पाहुण्यास स्वीकारले. आश्रमात राहणाऱ्याला तेथील शिस्त सुटत नसे. पहाटे चार-वीसची प्रार्थना, सूतकताई, झाडलोट, पायखाने साफ करणे. फुजींचा एक शिष्य पुढे सेवाग्रामच्या आश्रमात राहिला. वऱ्हाडी-वर्धेकडील उन्हाळा ज्याने भोगला आहे त्यालाच कळेल की क्यूशूच्या हिरव्या डोंगरातून आलेल्या माणसाला मे महिन्यातले सेवाग्राम कसे भासले असेल. भाषा परकी, अन्न परके, ज्यांच्यात राहायचे त्यांचा देव वेगळा. त्यात उपदेश करण्याची सोय नाही, कारण आश्रमात उपदेशाला तोटा नव्हताच! त्याने आपली उपासना चालू ठेवली, दिलेले काम केले. हळूहळू आश्रमाच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेचा आरंभच त्या ढोलाने आणि त्या सात अक्षरांनी होऊ लागला.

याच आश्रमात 1936 साली तुकडोजी महाराज येऊन राहिले होते. त्यांची खंजिरी आणि जपान्याचा तो पंख्यासारखा ढोल ही एका जातीचीच वाद्ये. दोन्ही हातात मावतात, दोन्ही घेऊन मैलोगणती चालता येते, दोहोंना शागिर्दी लागत नाही. गरिबाच्या धर्माची वाद्ये अशीच असतात. पुढे 1955 साली तुकडोजी महाराज जपानातील विश्वधर्म परिषदेस गेले आणि विदर्भातल्या खंजिरीचा आवाज तिकडच्या लोकांनी ऐकला, ही त्या ढोलाची परतफेडच झाली.

डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरला. ब्रिटिश सरकारच्या लेखी आता प्रत्येक जपानी शत्रू. सेवाग्रामातल्या भिक्षूलाही सरकारने उचलून नेले. त्याचा गुन्हा त्याचे पारपत्र, एवढाच.

ता. 14 जुलै 1942 रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यास 'इंग्रजांनी जावे' हा ठराव केला. त्यानंतर चार दिवसांनी गांधीजींनी सेवाग्रामातून जपानी जनतेस एक खुले पत्र लिहिले. 'हरिजन'मध्ये ते 26 जुलैला छापून आले. ते पत्र मुळातून वाचावे असे आहे. चीनवर तुम्ही केलेले आक्रमण मला अत्यंत नापसंत आहे, आणि इंग्रजांना आम्ही जा म्हणतो म्हणून तुमचे येथे स्वागत होईल अशा भ्रमात राहू नका, असे त्यांनी स्पष्ट बजावले. त्याच पत्रात आश्रमातून नेलेल्या भिक्षूचीही आठवण आहे. त्याची कर्तव्यनिष्ठा, नित्य उपासना, कोणत्याही परिस्थितीत न ढळणारी शांती, त्याचे सहज हसू यांचे वर्णन करून, त्याच्या मागे राहिलेल्या ढोलावर आणि मंत्रावर आमची प्रार्थना अजून सुरू होते, असे त्यांनी कळविले. ज्या राष्ट्राच्या सैन्याविरुद्ध उभे राहायचे त्याच राष्ट्राच्या संन्याशाचा मंत्र रोज दोन वेळा म्हणायचा! यात गांधीजींना काही विसंगत वाटले नाही. आम्हांसही वाटत नाही.

परंतु येथे भाबडेपणा करूनही चालणार नाही. फुजींच्या पंथाचे पहिले मंदिर 1918 साली उभे राहिले ते जपानात नव्हे, मांचुरियात, म्हणजे जपानी सत्तेचा हात जेथे पोचला होता तेथे. युद्धापूर्वीच्या काळात या पंथाचे जपानी लष्कराशी जवळचे संबंध होते, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. हिरोशिमा-नागासाकीनंतर मात्र फुजींनी शस्त्राला निरपवाद विरोध हेच व्रत घेतले. 1954 साली कुमामोतो येथे त्यांचा पहिला शांतिस्तूप झाला, 1969 साली बिहारात राजगीरचा झाला. 1985 साली ते वारले तेव्हा शंभरीला काही महिने कमी होते. गांधीजींचा प्रभाव 1933 सालीच पुरता पडला असे त्यांचे भक्त मानतात. आम्हांस तो वीस लक्ष जपानी जवान आणि दोन शहरे मातीस मिळाल्यावर पडलेला दिसतो. उशिरा पडला, तरी पडला तो टिकला.

आता त्या भविष्यवाणीचे काय झाले? धर्म भारतात परत आला का? आला, पण ढोलाच्या वाटेने नाही. एक वाट आपल्याच माणसाने तुडविली होती. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी हे 1899 साली घर सोडून बुद्धाच्या शोधात निघाले आणि 1902 साली सिंहलद्वीपात त्यांनी दीक्षा घेतली. परदेशी जाऊन, परकी भाषा शिकून, अर्धपोटी राहून मिळविलेले ज्ञान त्यांनी मराठीत आणले. 1937 साली परळच्या गिरणगावात 'बहुजन विहार' काढला तो कामगारांसाठी. गिरणीच्या भोंग्याच्या टापूत बुद्धाला आणणारा हा मराठी माणूस. अखेर जून 1947 मध्ये अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला तो सेवाग्रामातच. दुसरी वाट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. ता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी वर्ध्यापासून रेल्वेने दीड-दोन तासांवर, नागपुरात, लक्षावधी अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांनी बुद्धाचा धर्म घेतला. त्यांत गिरणीचे, जिनाचे, विणकरीचे, बिडीचे कामगार किती होते हे ज्याने आमच्या युनियनच्या सभांतून वस्त्या पाहिल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही. त्या लोकांनी कोणाचे जुने देणे वसूल केले नाही. माणूसपणाचा हक्क घेतला. निचिरेनच्या सूर्याने पूर्वेकडून यायचे होते, तो येथल्याच मातीतून उगवला.

आणि गंमत अशी की, त्या लोकांच्या सेवेला पुन्हा एक जपानी येऊन राहिला. सुरई ससाई हे तरुण भिक्षू राजगीरच्या स्तूपाच्या कामावर फुजींच्या हाताखाली होते, तेथून ते 1967च्या सुमारास नागपुरास आले. इंदोऱ्याच्या वस्तीत राहिले, लोकांची भाषा बोलू लागले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. 1992पासून बोधगयेच्या महाविहारासाठी झालेल्या लढ्याचे नेतृत्व त्यांनी केले. मोर्चे, धरणे, उपोषणे ही आमच्या परिचयाची हत्यारे त्यांनी वापरली. गुरूचा ढोल आणि शिष्याचा मोर्चा यांत आमचा कल कोणीकडे, हे सांगायला नकोच.

वर्ध्यास गोपुरीला गीताई मंदिराशेजारी 1993 साली जपानी पंथाचा पांढरा शांतिस्तूप झाला. सुटीच्या दिवशी शाळेच्या सहली तेथे येतात. सेवाग्रामच्या प्रार्थनेचा आरंभ अजूनही त्याच मंत्राने होतो. मात्र ऐंशी-नव्वद वर्षांत आमच्याकडच्या जिभांनी त्याचे टोक थोडे घासून घेतले आहे. 'ना-मु-म्यो'चे 'नम्यो' झाले. संस्कृतातून चिनीत, चिनीतून जपानीत गेलेला 'नमः' असा वर्ध्यास येऊन पुन्हा मूळच्या रूपाच्या थोडा जवळ सरकला आहे.