तव्यावरची तुकडी आणि तिच्यामागचे हात

आज आपण रत्नागिरीच्या एका साध्या खाण्याचा इतिहास ऐकणार आहोत. संध्याकाळी गाड्यावर तवा तापतो. हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावलेली बांगड्याची तुकडी किंवा सोललेली कोळंबी रव्यात घोळवून तव्यावर पडते. कागदी बशीत चार घास मिळतात. पण ते घास बशीत येईपर्यंत कुणाकुणाचे हात लागले, हे आम्हाला आज सांगायचं आहे.

आधी आंबट घेऊ. रातांबा आपल्या सह्याद्रीच्या उतारावरचाच. त्याची आमसुलं वाळवायची, आगळ काढून ठेवायचं, हे काम पिढ्यान् पिढ्या घरच्या बायकांनी केलं. तिरफळही इथलंच. मिरची मात्र पाहुणी. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आली. त्याआधी तिखटपणा मिरीचा आणि आल्याचा. रवाही बाहेरचाच, कारण कोकण हा भाताचा मुलूख. म्हणून तर तुकडीला तांदळाचं पीठ लावायची रीत अजून कितीतरी घरांत आहे.

आता मीठ. बर्फ नव्हता तेव्हा मासा टिकवायचे दोनच मार्ग होते, ऊन आणि मीठ. जवळा नुसत्या उन्हात वाळायचा, बांगड्याला मीठ लावून खारवावं लागायचं. समुद्रावर पुरुष जात, पण होडी किनाऱ्याला लागली की निवडणं, चिरणं, खारवणं, वाळवणं आणि विकणं बायकांकडे. खारवी, गाबीत, दालदी, अशा अनेक समाजांच्या घरांत हेच चित्र. डोक्यावर पाटी घेऊन त्या आतल्या गावांत जात आणि सुक्या मासळीच्या बदल्यात भात घेऊन येत.

इंग्रजांच्या काळात या मिठावर कर होता. समोर समुद्र असूनही परवान्याशिवाय मीठ करणं गुन्हा होता. 1930 च्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. शिरोडं आज सिंधुदुर्गात आहे, पण तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. मीठ महागलं की नुसती आमटी अळणी होत नसे, मासे खारवणाऱ्या बाईचा धंदाही अडत असे. हा कर 1947 साली गेला.

पुढे स्वातंत्र्यानंतर यांत्रिक होड्या वाढल्या, बर्फाचे कारखाने आले, ट्रक आले. ताजा मासा बंदरातूनच मुंबईकडे आणि परदेशाकडे जाऊ लागला. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची संख्या वाढली. या बदलाचा फायदा ज्याच्याकडे भांडवल होतं त्याला आधी झाला. मोठा मासा मोठ्या व्यापाऱ्याकडे गेला. पाटीवाल्या बाईला तोच मासा चढ्या भावानं घ्यावा लागला.

इथे तव्याचं महत्त्व कळतं. कच्चा मासा विकला तर भाव दुसरा कुणीतरी ठरवतो, आणि संध्याकाळपर्यंत विकला नाही तर नुकसान आपलं. मासा साफ करून, मसाला लावून, तळून दिला तर भाव आपण ठरवतो. लहान मासाही चालतो. जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा उन्हाळ्यात वाळवलेली सुकट आणि सोडे कामाला येतात. आज्यांची विद्या अजून पोट भरते, ती अशी.

पण मैत्रिणींनो, हिशेब नीट मांडा. मासा, तेल, रवा, गॅस हे आपण धरतो. पहाटे मासा आणायला गेलेली, दुपारभर कोळंबी सोलणारी, रात्री तवा घासणारी बाई मात्र हिशेबात येत नाही. तिची मजुरी धरली की खरा नफा कळतो.

आणि कागद आपल्या नावावर हवा. पथविक्रेत्यांसाठी 2014 साली कायदा झाला. शहराच्या पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत, आणि त्यांत एक तृतीयांश बायका असाव्यात, असं तो सांगतो. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे छोट्या गाड्यालाही नोंदणी लागते. ही नोंदणी आणि विक्रीचं प्रमाणपत्र कुणाच्या नावावर आहे, हे गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा. जिचं नाव नसेल तिच्याबरोबर दोघी-तिघी नगरपरिषदेत जा.

खारवण्यापासून तळण्यापर्यंतचं काम बायकांनी केलं आणि कागदावर नाव दुसऱ्याचं लागलं, असं फार वर्षं चाललं. आता ते बदलायला हवं.