लिहिणावळ आणि मानधन : मुंबईतील मराठी ग्रंथकाराच्या मिळकतीचा विचार

श्रमाच्या मोबदल्यास नाव देण्याची मराठीची एक जुनी रीत आहे. दळण्याबद्दल द्यावयाची ती दळणावळ, धुण्याबद्दलची धुणावळ, पुस्तक बांधण्याबद्दलची बांधणावळ. याच साच्यात 'लिहिणावळ' हाही शब्द आहे; परंतु तो नकलून देणाऱ्या लेखनिकाच्या मजुरीचा वाचक राहिला. ग्रंथ रचणाऱ्यास लिहिणावळ मिळते, असे कोणी म्हणत नाही. त्याला मिळते ते 'मानधन'. हा केवळ शब्दाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे. गिरगाव, दादर आणि परळ-लालबाग या टापूत सुमारे दोन शतके मराठी पुस्तके लिहिली, छापली व विकली गेली. त्या व्यवहारात ग्रंथकाराच्या वाट्यास काय आले, याचा बराचसा उलगडा या शब्दांच्या आधारे होऊ शकतो.

पहिला शब्द 'दक्षिणा'. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वानांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलात आटत गेली आणि १८५१ साली स्थापन झालेल्या दक्षिणा प्राइझ कमिटीच्या द्वारे तिचा काही भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळला. दान जाऊन बक्षीस आले. तरी देणाऱ्याची मर्जी हे तत्त्व कायमच राहिले. शाहीर-कलावंतांच्या बाजूस 'बिदागी' हा शब्द होता. बिदा म्हणजे निरोप. बिदागी ही निरोपाच्या वेळी हातावर ठेवावयाची रक्कम. दक्षिणा असो वा बिदागी, ती आधी ठरवून घेणे हे दोन्ही ठिकाणी अशिष्टच मानले जाई.

मुद्रणाच्या आगमनाने हा संबंध पालटावयास हवा होता. गणपत कृष्णाजींच्या शिळाछापाने आणि पुढे १८६९ साली जावजी दादाजींनी काढलेल्या निर्णयसागर छापखान्याने मुंबईत ग्रंथ ही विक्रीची वस्तू बनविली. कागदवाला, जुळारी, बांधणारा यांचे हिशेब त्यामुळे रोखीचे झाले. ग्रंथकाराचा मात्र झाला नाही. १८३२ साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांचा चरितार्थ शिक्षणखात्याशी निगडित नोकऱ्यांवर चालला, पत्रावर नव्हे. केशवसुतांनी मुंबईतील वर्षे शिकवण्या आणि तुटपुंज्या नोकऱ्या यांवर काढली. त्यांच्या कवितांचा संग्रह १९०५ मधील त्यांच्या मृत्यूनंतरच हरि नारायण आपटे यांच्या हातून प्रसिद्ध झाला. आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणून ज्याचा गौरव झाला, त्या कवीला स्वतःच्या संग्रहाची एक प्रतही विकता आली नाही.

'मानधन' हा शब्द येथे विशेष विचारार्ह ठरतो. संस्कृतात तो बहुव्रीहि समास आहे : मान हेच ज्याचे धन, तो मानधन. भारवीच्या 'किरातार्जुनीया'त, पहिल्या सर्गात, तो दुर्योधनाच्या योद्ध्यांचे विशेषण म्हणून आला आहे. मराठीने त्याचा विग्रहच फिरविला. विशेषणाचे नाम झाले आणि 'मानपूर्वक दिलेले धन' असा अर्थ रूढ झाला. तथापि मूळ अर्थ पुरता मेला नाही. ज्याला मानधन देतात त्याने मानालाच धन समजावे, ही अपेक्षा नव्या अर्थाच्या पोटात शिल्लक राहिली. मजुरी ठरवता येते, मागता येते, थकली तर वसूल करता येते. मान मागता येत नाही. लेखकाने रकमेचा विषय काढणे अप्रशस्त वाटते, त्याचे एक कारण या समासात आहे.

नियतकालिकांनी ही रक्कम थोडी नियमित केली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली 'मनोरंजन' सुरू केले आणि १९०९ साली त्याचा पहिला दिवाळी अंक काढला. दिवाळी अंकांची प्रथा रुजल्यावर कथालेखकाच्या वर्षात एक सुगी आली. परंतु सुगी म्हटली की उरलेले महिनेही आलेच.

पुस्तकाच्या बाबतीत दोन मार्ग होते : सर्व हक्क एकरकमी विकणे, किंवा विक्रीवर टक्केवारी, म्हणजे रॉयल्टी, घेणे. पहिल्यात पैसा आज मिळे आणि उद्याची प्रत्येक आवृत्ती परक्याची होई. दुसऱ्यात न्याय अधिक, पण हिशेब छोटा. उदाहरणादाखल पाच रुपये किमतीचे पुस्तक, हजार प्रतींची आवृत्ती आणि शेकडा पंधरा हा दर धरू. सर्व प्रती खपल्यास लेखकाचे साडेसातशे रुपये होतात. आवृत्ती संपावयास तीन वर्षे लागली, तर महिन्यास एकवीस रुपयेही पडत नाहीत. आज तीनशे रुपये किंमत, पाचशे प्रती व शेकडा दहा हा दर धरला, तर संपूर्ण आवृत्तीचे पंधरा हजार होतात. आकडे फुगले, त्यांवर घर चालत नाही, हे सत्य मात्र जेथल्या तेथे आहे.

यास्तव मराठी लेखकाचा खरा आश्रयदाता म्हणजे त्याची नोकरी, असेच म्हणावे लागते. मामा वरेरकर १९१९ पर्यंत टपालखात्यात होते. प्रबोधनकार ठाकरे सरकारी बांधकाम खात्यातील नोकरी करीत असतानाच १९२१ साली 'प्रबोधन' निघाले. विजय तेंडुलकर वृत्तपत्रांत राबले. जयवंत दळवी आधी वृत्तपत्रांत, नंतर अमेरिकन माहिती खात्यात होते. मर्ढेकर आकाशवाणीवर, दया पवार रेल्वेत. गिरगावातील खटाववाडीत 'मौज' आणि 'सत्यकथा' यांनी ज्या साक्षेपाने साहित्य घडविले, त्या साक्षेपास लागणारा लेखकाचा वेळ बहुतांशी या कचेऱ्यांच्या पगारातून आला. बाबूराव अर्नाळकरांसारखा हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा लेखक निराळा. तेथे टक्केवारीची उणीव संख्येने भरून काढावी लागते.

परळ-लालबागेकडे वळले की हा प्रश्न अधिक तीव्र होतो. वरेरकरांनी १९३३ साली 'धावता धोटा'त गिरणगाव रंगविला. पण गिरणगावातून आलेल्या लेखकाला पगारी कचेरीचे दार सहज उघडे नव्हते. गिरणी कामगाराने वाढविलेल्या नारायण सुर्वे यांनी शाळेत शिपायाचे काम केले, मग ते शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली आले. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवीत. 'गोलपिठा' १९७२ चा. अण्णा भाऊ साठे यांचे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. १९४४ साली अमर शेख व गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. १९५९ मध्ये आलेल्या 'फकिरा'ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. आणि १९६९ साली विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला. मान उदंड होता. धन नव्हते. ज्यांचा पोटाचा प्रश्न आधीच सुटलेला आहे त्यांनीच प्रामुख्याने लिहावे, अशी ही व्यवस्था होती. आणि आपल्या वाङ्मयाच्या अनुभवक्षेत्राची मर्यादा ठरविण्यात तिचा वाटा समीक्षकांनी मानला त्याहून मोठा असावा.

यावर उपाय मुळीच झाले नाहीत, असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे, आणि १९९२ च्या दुरुस्तीने साठ वर्षे, सुरक्षित केला. हक्क लिहून देताना रॉयल्टीची रक्कम नमूद करावी, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षांची समजावी, असे त्याच कायद्याचे १९वे कलम आज सांगते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयांचा पाया विस्तारला. पण वाचनालयातील एक प्रत पन्नास घरी फिरली तरी लेखकाला मिळते ती एकाच प्रतीची टक्केवारी. डेन्मार्कने १९४६ पासून आणि ब्रिटनने १९७९ च्या कायद्याने ग्रंथालयीन वाचनाबद्दल लेखकास मोबदला देऊ केला. आपल्याकडे तशी तरतूद नाही.

कायदा असूनही लेखी करार मागताना लेखक अजून संकोचतो, आणि हा संकोच शब्दाने पोसलेला आहे. 'मानधन' हा शब्द टाकून द्यावा, असे येथे सुचवावयाचे नाही. व्याख्यानास वा सत्कारास तो शोभतोच. परंतु पुस्तकाच्या विक्रीतून निघणारा लेखकाचा वाटा हा मान नव्हे, येणे आहे. येण्यास येणेच म्हणावे, त्याचा हिशेब वर्षाच्या वर्षी मागावा आणि द्यावा. दळणावळ देताना दळणाऱ्यावर आपण उपकार करतो, असे कोणास वाटत नाही. 'लिहिणावळ' हा शब्द मराठीने याच साच्यातून घडविला होता. तो लेखनिकापाशी थांबला, ग्रंथकारापर्यंत पोहोचला नाही.