रिमोटची छोटी मोटार : मागच्या चाकांचा पुढचा विचार

मुंबई : वाढदिवसाला भेट मिळालेली रिमोटची मोटार पहिल्या दिवशी इमारतीखालच्या अंगणात भरधाव धावते, दुसऱ्या दिवशी पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकून उलटते आणि आठवडाभरात माळ्यावर जाते, हा अनुभव शहरातील अनेक घरांना ओळखीचा आहे. दोष बहुधा मुलाचाही नसतो आणि गाडीचाही नसतो. खोक्यावरील वेगाचा आकडा पाहून गाडी निवडली जाते; ती जिथे चालवायची ती जमीन मात्र कोणी पाहिलेली नसते. मानखुर्दसारख्या दाट वस्तीच्या उपनगरात या चुकीने पैसे तर वाया जातातच, पण त्याहून मोठा धोकाही संभवतो. हाताबाहेर गेलेल्या गाडीमागे मूल धावते आणि पदपथाच्या कडेपलीकडे वाहनांचा रस्ता असतो.

फावल्या वेळी पदपथावर किंवा वसाहतीच्या आवारात चालवण्यासाठी मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजेच 'रिअर व्हील ड्राइव्ह' प्रकारची छोटी गाडी हा सुटसुटीत पर्याय आहे. मात्र तिची निवड करताना काही गोष्टी आधी तपासून घ्यावयास हव्यात.

मागची चाके काय करतात?

मागच्या चाकांची चालना मुंबईकरांना नवी नाही. रोजची रिक्षा मागच्याच चाकांवर चालते. मानखुर्दपासून हार्बर मार्गावर चार स्थानके पलीकडे असलेल्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी हीदेखील त्याच जातीची. तिचे इंजिन पुढे आणि चालना मागे असे. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून अनेक दशके धावलेली ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. २००९ मध्ये आलेल्या आणि २०१८ मध्ये उत्पादन थांबलेल्या नॅनोचे तर इंजिनही मागेच होते.

छोट्या रिमोट मोटारीतही हेच तत्त्व असते. मोटर मागच्या आसाजवळ बसवलेली असते आणि पुढची चाके केवळ वळण्याचे काम करतात. त्यामुळे चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीपेक्षा दाते, दांडे आणि सांधे यांची संख्या कमी राहते. गाडी हलकी होते, बॅटरी अधिक काळ पुरते आणि दुरुस्ती सोपी जाते. धडक बहुधा पुढूनच बसते. पुढच्या चाकांकडे चालनेचे दांडे गेलेले नसल्याने तिथे तुटण्याजोगे भागही कमी असतात. गती घेताना गाडीचा भार मागे सरकतो आणि चालणाऱ्या चाकांनाच अधिक पकड मिळते, हा आणखी एक फायदा.

तोटा आहे तो वळणावर. धुळीच्या किंवा गुळगुळीत जागी जोर अधिक दिला की गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. यातील अनेक गाड्यांत वेगळा ब्रेक नसतो. मोटरच चाकांना रोखते आणि ती फक्त मागच्या चाकांना जोडलेली असते. म्हणजेच वेगात ब्रेक लावणे हे खऱ्या गाडीचा हँडब्रेक खेचण्यासारखे ठरते. म्हणून वळणापूर्वीच वेग कमी करावा, वळताना हात हलका ठेवावा आणि गाडी सरळ झाल्यावरच जोर द्यावा. हा धडा गिरवला की याच गाडीत खरी गंमत वाटू लागते.

आधी जमीन, मग गाडी

गाड्यांचा आकार प्रमाणात सांगितला जातो. चार मीटर लांबीच्या मोटारीची १:१० प्रमाणातील प्रतिकृती ४० सेंटीमीटरची होते, १:१८ ची सुमारे २२, १:२४ ची सुमारे १७, तर १:२८ ची अवघी १४ सेंटीमीटरची. आकार घटला की चाकेही लहान होतात आणि जमिनीपासूनची उंचीही कमी होते.

मुंबईतील बहुतेक पदपथ पेव्हर ब्लॉकचे आहेत. एखादा ठोकळा खचलेला, एखादा वर आलेला आणि मधल्या फटींत माती, हे त्यांचे नेहमीचे रूप. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाके नुसती ढकलली जात असल्याने अशा उंचवट्याशी ती अडतात. यावर सोपा उपाय आहे. खरेदीला जाण्यापूर्वी नेहमीच्या जागेवर पट्टी घेऊन जावे आणि सर्वांत वर आलेल्या ठोकळ्याची कड मोजावी. गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा त्याहून अधिक असली पाहिजे.

या कसोटीवर १:२८ ची गाडी घरातील लादीवर किंवा बंद जिन्याच्या गुळगुळीत सज्जावर शोभते. पदपथावर ती पहिल्याच फटीत रुतेल. सपाट काँक्रीटच्या अंगणात १:२४ आणि १:१८ च्या गाड्या चालतात. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर मोठ्या चाकांची १:१८ ते १:१० ची 'बगी' किंवा ट्रकच्या धाटणीची गाडी घ्यावी. शर्यतीच्या मोटारीसारखी जमिनीला टेकलेली गाडी खोक्यात देखणी दिसते, मात्र अशा जागी ती निरुपयोगी ठरते. 'ड्रिफ्ट'साठीच्या गाड्यांना मुद्दाम घसरणारी, कडक प्लास्टिकची चाके असतात. नवशिक्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

वेग किती हवा?

ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २.८ मीटर. समोर कोणी आल्याचे दिसल्यापासून बोट हलेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तरी तेवढ्यात गाडी दीड मीटरच्या आसपास पुढे जाते. वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर हेच अंतर चार मीटरच्या पुढे जाते. शिवाय वेग तिप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचे अंतर नऊपट होते आणि धडकेचा जोरही त्याच हिशेबाने वाढतो. दोन-तीन मीटर रुंदीच्या पदपथावर हे गणित बसत नाही.

चालणारा माणूस ताशी ५ किलोमीटरच्या आसपास जातो. त्याच्या दुप्पट वेग पदपथावरील मौजेसाठी पुरेसा आहे. काही रिमोटवर कमाल वेग मर्यादित करण्याची सोय असते. लहान मुलांसाठी ती असलेली गाडीच घ्यावी. छंदाच्या गाडीत मोटरवरचे छोटे दातेरी चाक बदलून कमी दात्यांचे बसवले, तरी कमाल वेग उतरतो आणि मोटरही कमी तापते.

खेळणे की छंदाची गाडी?

बाजारात दोन स्वतंत्र जाती आहेत. पहिली खेळण्यांच्या दुकानातील. तिची किंमत काही शेकड्यांपासून सुरू होते. यातील स्वस्त गाड्यांचे सुकाणू पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे, इतकेच वळते. मधली अवस्था नसते. वेगाचेही तसेच. एखादा भाग तुटला की बहुधा गाडीच निकालात निघते.

दुसरी जात छंदाच्या गाड्यांची. तिला काही हजार रुपये मोजावे लागतात. हिच्यात बोट जितके हलवावे तितकीच चाके वळतात आणि तितकाच वेग मिळतो. मागच्या चाकांच्या गाडीत ही सोय चैनीची नव्हे, गरजेची आहे. कारण जोर थोडा थोडा देता आला नाही तर गिरकी टाळता येत नाही. दुसरे म्हणजे दाते, चाके, मोटर, पुढचे हात असे सारे भाग सुटे मिळू शकतात.

या जातीला मोठी परंपरा आहे. जपानमधील तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ या मोटारीची रिमोटवर चालणारी प्रतिकृती आणली, तीही मागच्या चाकांवरच धावणारी होती. याच कंपनीची १९८४ ची 'ग्रासहॉपर' ही साधी, मोठ्या चाकांची बगी २००५ मध्ये पुन्हा बाजारात आली. तिचे भाग नवख्या माणसालाही घरी जोडता येतात. छोट्या मोटारींच्या बांधणीतील एम-०६ आणि एम-०८ या तामियाच्याच मागच्या चाकांच्या गाड्या सपाट जमिनीसाठी आहेत. लोसी कंपनीची 'मिनी-टी' ही १:१८ ची ट्रकच्या धाटणीची गाडी आहे, तर क्योशोच्या 'मिनी-झेड' मालिकेतील मागच्या चाकांच्या १:२८ च्या गाड्या घरात चालवण्याजोग्या.

आयात खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. त्यामुळे परदेशी मालिकेची गाडी घेताना तिच्या सुट्या भागांचा खर्चही हिशेबात धरावा. दाते आणि पुढचे हात इथे मिळतात का, हे विचारल्यावाचून पैसे देऊ नयेत.

बॅटरी आणि रेडिओ

निकेल-मेटल हायड्राइडचा सेल १.२ व्होल्टचा असतो आणि सहा सेलची बॅटरी ७.२ व्होल्टची. ती जड असते, पण थोडी हयगय सोसते. लिथियम-पॉलिमर अर्थात 'लिपो' बॅटरी हलकी आणि जोरकस. मात्र तिचा सेल ४.२ व्होल्टवर चढवता कामा नये आणि ३ व्होल्टखाली उतरू देता कामा नये. तिच्यासाठी खास चार्जर लागतो. फुगलेली लिपो बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, कोणतीही बॅटरी रात्रभर लावून झोपू नये आणि गादी, पडदे, कागद यांपासून ती दूर ठेवावी. एका खोलीच्या घरात हा नियम अधिकच कसोशीने पाळावा. पहिल्या गाडीसाठी निकेलची बॅटरी समंजस निवड ठरते.

२००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीतून मोटरने सरासरी ६ अँपिअर ओढले, तर गाडी साधारण २० मिनिटे चालते. दोन बॅटऱ्या घेतल्या की संध्याकाळ पुरी होते.

जुन्या पद्धतीच्या खेळण्यांत २७ मेगाहर्ट्झची लहर वापरली जाते. एकाच लहरीच्या दोन गाड्या शेजारी आल्या की एकीचा रिमोट दुसरीला हलवतो. २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटची आपल्याच गाडीशी जोडी जमवलेली असते, म्हणून अनेक मुले एकत्र खेळू शकतात. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे.

दुकानातील पाच मिनिटे

१. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून अनिवार्य आहे. ते आणि त्याजवळचा परवाना क्रमांक पाहावा. हा क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर पडताळता येतो.

२. गाडी उचलून मागचे एक चाक हाताने पुढे फिरवावे. दुसरे चाक उलट फिरले तर आत डिफरन्शियल आहे आणि गाडी वळणावर सुरळीत वळेल. दोन्ही एकाच दिशेने फिरली तर आस सलग आहे. अशी गाडी आधी वळायला कुरकुरते आणि मग एकदम घसरते.

३. सुकाणू हळूहळू वळवून पाहावे. चाके त्याच संथपणे वळली पाहिजेत.

४. चाके दाबून पाहावीत. पदपथासाठी मऊ रबराची हवीत, प्लास्टिकची नकोत.

५. बॅटरी, चार्जर आणि रिमोटचे सेल खोक्यात आहेत की वेगळे घ्यावे लागतील, हे विचारावे.

स्वस्त खेळण्यांसाठी महात्मा फुले मंडईचा परिसर आणि विजेचे सुटे भाग, तारा, जोडण्या यांसाठी लॅमिंग्टन रोड हे मुंबईकरांचे जुने ठिकाण.

पदपथ पादचाऱ्यांचा

मानखुर्द हे वाशीची खाडी ओलांडण्यापूर्वीचे हार्बर मार्गावरील मुंबईतील अखेरचे स्थानक. एका अंगाला शीव-पनवेल महामार्ग आणि दुसऱ्या अंगाला घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता. दोन्हींवर अवजड वाहनांची वर्दळ असते. या रस्त्यांलगतच्या पदपथांवर गाडी चालवणे टाळलेलेच बरे. वसाहतीचे कुंपणाआतील आवार, सुटीच्या दिवशी रिकामा असलेला वाहनतळ किंवा परवानगी मिळाल्यास शाळेचे मैदान ही योग्य ठिकाणे. सकाळी लवकरची वेळ उत्तम. ज्येष्ठ नागरिक, गरोदर महिला, काठी टेकत चालणारी व्यक्ती किंवा कुत्रे समोर आले, तर गाडी थांबवून वाट द्यावी.

पहिले काही दिवस चपलांचे दोन जोड पाच-सहा मीटर अंतरावर ठेवून त्यांभोवती इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवावी. गाडी आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे होते. हा गोंधळ याच सरावाने सुटतो. मुलांना सुरुवातीलाच एक नियम सांगावा: गाडी रस्त्यावर गेली तर तिच्यामागे धावायचे नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची.

खेळून झाल्यावर मागच्या आसाभोवती गुंडाळलेले केस आणि दोरे काढावेत, दात्यांतील धूळ ब्रशने झटकावी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नये. भिजलीच तर बॅटरी काढून, पुसून, पंख्याखाली वाळवावी. एवढी निगा राखली तर साधी, संथ आणि दुरुस्त होणारी गाडी कित्येक वर्षे टिकते. सर्वांत वेगवान गाडी घेणाऱ्यापेक्षा आपल्या अंगणाला साजेशी गाडी घेणाऱ्याची मुलेच अधिक दिवस खेळतात.