टेकच्या पायथ्याची ग्लायडरं

स्टुटगार्टहून एस-१ लोकलने शेवटच्या स्टेशनात उतरलं की समोर श्वेबिश आल्बची भिंत दिसते आणि तिच्या पुढे आलेल्या सुळक्यावर टेकचा किल्ला. उंची ७७५ मीटर. सिंहगड बघत वाढलेल्या माणसाला ती बुटकीच वाटते, पण वारा उत्तर-पश्चिमेकडून आला की ती त्याला वर ढकलते आणि त्यावर ग्लायडरं तरंगतात. तिच्या पायथ्याच्या किर्शहाइम गावात दोन धंदे वाढले. एक शेम्प-हिर्थचा, माणूस बसेल अशा ग्लायडरांचा. दुसरा ग्राउप्नरचा, मुलाच्या खांद्यावर मावेल अशा ग्लायडरांचा. मी पुण्याहून इकडे आलो तो इंजिनं बनवायला, आणि आयुष्यातला बराचसा मोकळा वेळ घालवला बिनइंजिनाच्या विमानांवर. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. हे नातं पुण्याला कुणी दिलं नाही, तरी मोटारींच्या कारखान्यांमुळे माणसं मात्र जास्त आमचीच आली असावीत.

‘पहिलं ग्लायडर कोणतं घ्यावं?’ हा प्रश्न या गावात नव्वद वर्षं विचारला जातोय. उत्तर दर पिढीला बदललं. पण प्रत्येक उत्तराच्या मुळाशी मला एकच काळजी दिसते: गेलेलं विमान परत कसं आणायचं.

सुरुवात मोठ्या ग्लायडरांपासून करायला हवी. व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांना वेसण घातली, तेव्हा इथल्या पोरांनी बिनइंजिनाचा रस्ता धरला. १९२० साली र्‍होन डोंगरातल्या वासरकुप्पवर पहिली ग्लायडर स्पर्धा भरली. दोन वर्षांत तासाभराची उड्डाणं झाली, पण ती सगळी उतारावर आदळून वर चढणार्‍या वार्‍याच्या जिवावर. डोंगराची कड सोडली की खाली. सपाट जमिनीवर उन्हाने तापलेली हवा आपणहून वर जाते, तिच्यावर स्वार होता येतं, हे कळायला त्या दशकाची अखेर यावी लागली. रोबर्ट क्रोनफेल्डने व्हेरिओमीटर बरोबर न्यायला सुरुवात केली. थर्मासच्या बाटलीसारखं एक भांडं, एक नळी आणि एक काटा. हवेचा दाब जरा कमी झाला की काटा सांगतो, आपण चढतोय. मग १९३० मध्ये वोल्फ हिर्थ अमेरिकेत एल्मायराला गेला आणि निरभ्र आकाशात, डोंगराचा आधार न घेता, तीव्र वळणं घेत गरम हवेच्या स्तंभात वर चढला. हा हिर्थ मोटरसायकलच्या अपघातात एक पाय गमावलेला. पुढे त्याने मार्टिन शेम्पबरोबर काढलेला कारखाना १९३८ मध्ये किर्शहाइमला आला. घार हे लाखो वर्षं करतेय, हे हिर्थच्या आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण बघणं आणि त्या वर्तुळात स्वतः बसून राहणं यात फरक आहे.

मोठ्यांनी वर जाणार्‍या गरम हवेचा हा स्तंभ, म्हणजे थर्मल, शोधली आणि त्याच वेळी पोरांची पंचाईत झाली. लहान मॉडेल हलकं, त्याला माणूस नाही, दोर ओढून सोडलं की आपल्या मर्जीने जाणार. योहानेस ग्राउप्नर यांनी १९३० मध्ये धंदा सुरू केला. तो पुढे किर्शहाइमला आला आणि मॉडेल विमानांचे किट घरोघर पोचवू लागला. मध्ये एक काळा काळ आहे, तो टाळून जाता येत नाही. नाझी राजवटीत मॉडेल बांधणं हा छंद राहिला नाही, ती भरतीची पहिली पायरी झाली. हिटलर युथच्या पोरांनी पंखांच्या फासळ्या कापल्या, मग खरी ग्लायडरं उडवली, मग लढाऊ विमानांत बसली. मी स्वतः पुण्यात एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये मॉडेल बांधायला शिकलो, म्हणून हा धागा मला सहजासहजी सुटत नाही. आमच्याकडे पोराला त्यातून ‘सी’ सर्टिफिकेट मिळायचं, एवढाच फरक असं म्हणणं खोटं ठरेल. पण सरकार मुलाच्या हातात मॉडेलचं हलकं लाकूड, बाल्सा, देतं तेव्हा ते फक्त बाल्साच देत नसतं.

युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी जर्मनांचं उडणंच बंद केलं. ग्लायडिंगला १९५१ मध्ये परवानगी मिळाली. त्या काळात एका पिढीचं पहिलं विमान होतं ‘क्लाइने उहू’: दोराने पतंगासारखं ओढून सोडायचं छोटं ग्लायडर, ग्राउप्नरचं, आणि नाव उहू या डिंकाच्या कंपनीशी जोडलेलं. आमच्या गल्लीतले एक आजोबा, ज्यांच्या तळघरात मी हा उद्योग शिकलो, त्यांचंही पहिलं विमान तेच. आत रेडिओ नाही. पंखावर नाव आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची, कारण विमान जाणार हे गृहीतच. शेतकर्‍याला जव कापताना सापडलं तर पोस्टकार्ड यायचं.

विमान जाऊ नये म्हणून जी युक्ती होती ती मी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितली आणि बघतच राहिलो. शेपटीचा आडवा पंख रबरबँडने खाली धरून ठेवलेला. त्या रबरबँडमध्ये खोचलेला धुमसत्या वातीचा तुकडा. आपल्या सुतळी बॉम्बच्या वातीपेक्षा खूप मंद जळणारी. उडवायच्या आधी वात पेटवायची. दोन-तीन मिनिटांनी विस्तव रबरापर्यंत पोचतो, रबर तुटतं, शेपटी टपकन वर उचलली जाते, आणि विमान नाक खाली न घालता, आडव्याचं आडवं, सरळ खाली बसत येतं. थर्मलमध्ये असलं तरी. किती लांबीची वात लावायची, हाच त्या खेळातला सगळा शहाणपणा. आखूड लावली तर चांगली हवा फुकट, लांब लावली तर पोस्टकार्डची वाट बघा. आजोबांच्या टेबलावर जळक्या वातींचे डाग अजून आहेत आणि त्यांच्या बायकोची त्याबद्दलची तक्रारही.

ग्लायडरमध्ये रेडिओ आला तो वर जायला नव्हे. वर तर ते तसंही जात होतं. आला तो या वातीच्या जागी, असं माझं मत आहे. पण सुरुवातीचा रेडिओ म्हणजे काय होता ते ऐका. व्हॉल्व्हचा रिसीव्हर, त्याला वेगळी जास्त व्होल्टेजची बॅटरी, आणि रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, हलवायला पीळ दिलेल्या रबरावर चालणारी एक खिटी. हातातल्या डब्यावर एकच बटण. दाबलं की खिटी एक घर पुढे सरकते, रडर उजवीकडे. सोडलं की मध्ये. पुन्हा दाबलं की डावीकडे. म्हणजे मागच्या वेळी कुठे वळलो होतो हे उडवणार्‍याने लक्षात ठेवायचं. आजोबा म्हणायचे की विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना डावं-उजवं उलटं होतं, त्यात मागचं वळण विसरलं की ते शेजारच्या गावातल्या चर्चकडे निघायचं.

साठच्या दशकात रेडिओवरची काडी जेवढी हलवाल तेवढाच रडर हलेल अशी यंत्रणा आली. ग्राउप्नरने ती ग्रुंडिगबरोबर ‘व्हारिओप्रॉप’ नावाने विकली. आणि त्याच दशकातलं ग्राउप्नरचं ‘अमिगो’, दोन मीटर पंखांचं, इथल्या कितीतरी माणसांचं पहिलं रेडिओ-ग्लायडर झालं. मला हात बसला तो आजोबांच्या अमिगोवर.

ते कागदावर बघितलं तर अगदी साधं. हलणार्‍या गोष्टी दोनच: रडर आणि एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी झडप. पंखात विमान कलवणारी झडप, एलेरॉन, नाही. मग वळतं कसं? पंखांची टोकं वर उचललेली असतात, त्यात आहे सगळी करामत. रडर दिला की विमान तिरकं सरकतं, एक पंख वार्‍याला जास्त सामोरा जातो, तो उचलला जातो, आणि विमान आपणहून वळणात कलतं. काडी सोडली की तीच टोकं त्याला सरळ करतात. नवख्याच्या हातून सगळ्यात चांगली होणारी गोष्ट म्हणजे काही न करणं, आणि हे विमान तेवढ्यावर उडतं. पंख बांधायचे ते नकाशावर मेणकागद पसरून, टाचण्यांनी फासळ्या उभ्या करून. वर पातळ कागद, त्यावर डोप नावाचं रोगण. डोप वाळताना कागद ताणला जातो आणि पंख वाकडा होऊ शकतो, म्हणून रात्रभर तो फळीवर दाबून ठेवायचा. तळघरातला तो डोपचा वास आमच्या सौ.ने कधी घरात येऊ दिला नाही.

हवेत न्यायचं रबराने. मैदानात खुंटा, त्याला तीसेक मीटर रबरी नळी, पुढे शंभर-सव्वाशे मीटर नायलॉनचा दोर, टोकाला कडी आणि एक छोटं पॅराशूट. विमान पोटाखालच्या आकड्यात अडकवून मागे-मागे चालत जायचं. हातात ओढ जाणवू लागली की पंख सपाट धरून सोडायचं. ते पतंगासारखं वर चढतं, माथ्यावर कडी आपोआप सुटते. शंभरेक मीटर उंची मिळाली आणि थर्मल मिळाली नाही, तर साधारण तीन मिनिटं. एवढ्या वेळात कुठे शोधायचं? टेकच्या बाजूला तांबडी घार असते, आपल्या घारीची चुलत बहीण. ती पंख न हलवता गोल फिरत असेल तिकडे जायचं. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरचे लोकही उन्हाळ्यात हेच करायचे.

एकदा थर्मल सापडली की खरी परीक्षा सुरू. पाच मिनिटांत दोन मीटरचं विमान ठिपका होतं, आणि अमिगोला ब्रेक नाहीत. घाबरून नाक खाली घातलं तर वेग वाढून पंख फडफडायला लागतात आणि मोडतात. आजोबांनी शिकवलेला उपाय: रडर पूर्ण एका बाजूला, एलेव्हेटर पूर्ण वर, आणि विमानाला गिरकीत टाकायचं. ते पानासारखं गोल फिरत, वेग न वाढता, खाली येतं. पुरेशी उंची असताना काड्या सोडायच्या. वातीचं काम आता अंगठ्यांनी करायचं, एवढाच बदल.

याच काळात अमेरिकेत वेगळी शाखा फुटली. १९६९ मध्ये मॉडेल ग्लायडर उडवणार्‍यांची लीग ऑफ सायलेंट फ्लाइट निघाली, तिच्या पाच पायर्‍या. शेवटच्या पायरीसाठी थर्मलवर दोन तास, उतारावर आठ तास, आणि १० किलोमीटरवर जाऊन परत. तिकडच्या पोरांचं पहिलं विमान पुढे कार्ल गोल्डबर्ग कंपनीचं ‘जेंटल लेडी’ झालं, तेही जवळपास दोन मीटर, तेही बाल्सा. समुद्राच्या दोन बाजूंचे दोन देश एकाच मापावर येऊन थांबले, कारण त्याहून लहान विमान दिसत नाही आणि त्याहून मोठं मोटारीत मावत नाही.

रेडिओबरोबर आलेल्या लाकडी चिमट्यांचाही इतिहास आहे. एका फ्रीक्वेन्सीवर दोघांनी रेडिओ चालू केला की एक विमान पडणार, नक्की. म्हणून मैदानाच्या दारात फळी, त्यावर चॅनलचे आकडे. आपला आकडा घेतला की चिमटा लावायचा. आमच्याकडे ३५ मेगाहर्ट्झवरचे चॅनल. रविवारी दुपारी चिमट्यासाठी रांग लागायची आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा वरच्या विमानावर जो राग असतो तो बघण्यासारखा. २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झ आलं, चिमटे गेले. भांडणंही गेली, आणि गप्पाही कमी झाल्या.

ग्लायडरच्या नाकातली मोटर मात्र इथलीच. ग्राउप्नरकडे काम करणारे फ्रेड मिलिट्की यांना विजेवर विमान उडवायचं वेड होतं. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियात वेल्सला हाइनो ब्रडिच्का माणूस बसवलेलं विजेचं विमान घेऊन उडाला, ती मिलिट्कींची कल्पना. हीच कल्पना मॉडेल ग्लायडरच्या नाकात बसली: मोटर चालवून वर जायचं, बंद करायची, पाती मागे मिटतात आणि उरतं ते ग्लायडर. पण निकेल-कॅडमियम बॅटर्‍या जड होत्या. ते खर्‍या अर्थाने हलकं झालं लिथियम-पॉलिमर आणि ब्रशलेस मोटरमुळे. मग ब्रेटनच्या मल्टिप्लेक्सने फोमचं ‘ईझीग्लायडर’ काढलं, १.८ मीटरचं. पडलं, मोडलं, तिथल्या तिथे सुपरग्लू लावून पाच मिनिटांत पुन्हा वर. रबर नको, खुंटा नको, तळघर नको. तळघर नको म्हटल्यावर ग्राउप्नरचं काय होणार? २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मग दक्षिण कोरियाच्या मालकाकडे गेली. गावात तेव्हा लोक म्हणाले, चिनी मालाने मारलं. मला वाटतं, ज्या दिवशी बापाने मुलाबरोबर फासळ्या कापणं सोडलं त्या दिवशीच ते ठरलं होतं.

तरीही पुण्याच्या भाच्याने पहिल्या ग्लायडरचा प्रश्न विचारला तेव्हा मी त्याला बाल्साचा किट सुचवला नाही. दीड ते दोन मीटरचं फोमचं, मोटर असलेलं, रडर-एलेव्हेटरवर वळणारं आणि पंखांची टोकं उचललेलं घे. एलेरॉनचं दुसर्‍या वर्षी. वजन पंखाच्या चौरस डेसिमीटरला २५ ग्रॅमच्या वर जायला नको, नाहीतर मे महिन्यातल्या दुपारशिवाय तरंगणार नाही. पंखाखाली नाव आणि मोबाइल नंबर लिही. त्याने विचारलं, किती उंच नेऊ? आमच्या तरुणपणी डोळा हीच मर्यादा होती. आता भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानांचीही व्याख्या आहे आणि नकाशावरच्या मोकळ्या, हिरव्या पट्ट्यातही विनापरवाना मर्यादा १२० मीटर. लोहगावचा विमानतळ आणि एनडीए जवळ असलेल्या पुण्यात आधी सरकारच्या डिजिटल स्कायचा नकाशा बघावा लागतो. दहा ग्रॅमचं व्हेरिओमीटर आता विमानात बसतं आणि उंची कानात सांगतं. दख्खनच्या उन्हात ते १२० चा आकडा अर्ध्या मिनिटात सांगेल. मी त्याला म्हटलं, विमान विकत घेण्याआधी गिरकी कशी घालायची ते शिकून घे.